वाक्यदोष आणि तांबडी शाई : नामपूर परिसरातील विद्यार्थ्यांच्या मराठी लेखनासंबंधी काही विचार

विद्यार्थ्यांना शुद्ध मराठी लिहिता येत नाही, ही तक्रार मराठीच्या अध्यापनाइतकीच जुनी आहे. ती करणाऱ्यांच्या मनात ‘शुद्ध’ ह्या शब्दाचा अर्थ मात्र क्वचितच निश्चित असतो. कोणी ऱ्हस्वदीर्घाविषयी बोलत असतो, कोणास ‘गावंढळ’ रूपे खटकतात, तर कोणी वाक्यच जुळत नाही म्हणून कष्टी झालेला असतो. ह्या तिन्ही गोष्टी वहीच्या एकाच पानावर, एकाच तांबड्या शाईने खुणावल्या जातात आणि गुणही एकाच हिशेबाने कापले जातात. वस्तुतः त्या मुळातच भिन्न आहेत. त्यांची कारणे भिन्न, त्यांवरचे उपायही भिन्न. त्यांतली तिसरी, म्हणजे वाक्याची मोडतोड, सर्वांत गंभीर होय. आणि तपासणाऱ्याच्या लेखणीतून नेमकी तीच बहुधा निसटते. ज्या प्रदेशात विद्यार्थ्याची घरची बोली प्रमाण मराठीहून बरीच वेगळी आहे, तेथे हा घोटाळा विशेष उघड होतो व विशेष नुकसानकारकही ठरतो.

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील नामपूर हे मोसम नदीच्या काठचे असेच एक गाव. कांद्याच्या बाजारामुळे आसपासच्या खेड्यांचा येथे नित्य राबता असतो, आणि शिक्षणासाठीही त्याच खेड्यांतील मुले-मुली येथे येतात. त्यांपैकी बहुतेकांची घरची भाषा अहिराणी. ग्रिअर्सन ह्यांनी आपल्या भाषा-पाहणीत मराठीला सातवा खंड दिला (१९०५). ‘खानदेशी’चा विचार त्यांनी त्या खंडात न करता नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल भाषांच्या सोबत केला (१९०७). अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, ह्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या १८ लाखांहून अधिक होती, आणि सटाण्याहून डॉ. सुधीर देवरे ह्यांनी ‘ढोल’ हे नियतकालिक अहिराणीत चालवून ती लिहिताही येते हे दाखवून दिले, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. नामपुरातला विद्यार्थी मराठीच्या तासाला येतो तो भाषेविना येत नाही. एक पूर्ण, नियमबद्ध व्याकरण त्याच्या जिभेवर अगोदरच असते.

आता अशा विद्यार्थ्याच्या निबंधातील एक परिच्छेद कल्पावा. खालील उतारा नमुन्यादाखल रचलेला आहे, कोणा एकाच्या वहीतून उचललेला नाही. परंतु ज्याने अशा वह्या तपासल्या असतील त्यास तो अनोळखी वाटणार नाही.

‘कांदा हा आमच्या भागातील मुख्य पीक आहे. मागच्या वर्षी आम्ही शेतमध्ये कांदा लावला होता. पानी नव्हते तरी वडिलांनी टँकर आणून पीक जगवले. कांदे विकून भाव वाढला. ज्या व्यापाऱ्यांनी कांदा घेतला होता तो फायदा झाला.’

ह्या पाच वाक्यांवर तांबडी शाई कोठे पडेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. ‘शेतमध्ये’ ह्याभोवती एक वर्तुळ व ‘पानी’ ह्याभोवती दुसरे. समासात ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्या’ असा शेरा. पहिले, चौथे आणि पाचवे वाक्य बहुतेक वेळा तसेच सुटून जाईल. म्हणजे ज्या दोन वाक्यांत वाक्य म्हणून काहीही बिघडलेले नाही ती दोषी ठरली आणि जी तीन खरोखर मोडलेली आहेत ती निर्दोष सुटली. त्यातही तिसरे वाक्य पाहावे. ‘तरी’ ह्या एका शब्दावर त्याचा सारा तोल उभा आहे; ‘आणून’ आणि ‘जगवले’ ह्या दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असून तो योग्य जागी आला आहे. उताऱ्यातील सर्वांत चांगले वाक्य हेच. वर्तुळ मात्र त्यालाच मिळाले.

‘पानी’ची गोष्ट थोडक्यात सांगून संपविता येते. अहिराणीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो. ‘डोळा’ तेथे ‘डोया’ होतो. उच्चाराप्रमाणे लिहिणाऱ्याच्या हातून ‘पानी’, ‘आनि’ असे लेखन होणे स्वाभाविक आहे. हा वर्णांचा प्रश्न झाला, वाक्याशी त्याचा संबंध नाही. थोड्या सरावाने तो दूर होतो.

‘शेतमध्ये’ ह्या रूपात मात्र थांबून पाहण्याजोगे पुष्कळ आहे. प्रमाण मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप करावे लागते: शेत, शेता-, शेतामध्ये, राम, रामा-, रामाला. अहिराणीत अशा नामांना प्रत्यय सरळ लागतो: ‘घरमा’, ‘वावरमा’, ‘रामले’. ‘वावरमा’ हे रूप मनात घेऊन लिहावयास बसलेल्या मुलाने ‘वावर’चे ‘शेत’ केले, ‘मा’चे ‘मध्ये’ केले आणि ‘शेतमध्ये’ लिहिले. तीन गोष्टी करावयाच्या होत्या; त्यांपैकी दोन त्याने अचूक केल्या आणि तिसरी, सामान्यरूपाची, त्याला कोणी सांगितलीच नव्हती. ह्याला अज्ञान म्हणता येईल, पण गोंधळ खचित म्हणता येणार नाही. त्याच्या चुकीमागे नियम आहे, आणि म्हणूनच ती एका नियमाने दुरुस्तही होऊ शकते. नुसते वर्तुळ काढल्याने तो नियम त्यास कसा कळावा? वर्तुळ पाहून तो पुढल्या वेळी ‘शेतात’ लिहील आणि ‘बाजारमध्ये’ तसेच ठेवील. कारण त्याच्या दृष्टीने चूक ‘शेत’ ह्या शब्दात होती. (‘नाशिकमध्ये’, ‘सटाणामध्ये’ अशी रूपे शहरांतील सुशिक्षितही हल्ली सर्रास वापरतात, तेथे वर्तुळ सहसा पडत नाही, हेही नमूद करावयास हवे.)

क्रियापदांच्या बाबतीतही असेच. अहिराणीच्या वर्तमानकाळात एकवचनी ‘मी करस, तू करस, तो करस, ती करस’ असे एकच रूप चालते, अनेकवचनी ‘करतस’ होते. पुरुष व लिंग ह्यांनुसार ‘करतो, करते, करतोस, करतेस’ असे बदलत जाणारे क्रियापद त्या विद्यार्थ्यास नव्याने शिकावे लागते. ‘करी ऱ्हायना’ ह्या अपूर्ण वर्तमानाच्या सवयीने ‘पाऊस पडून राहिला होता’ असे वाक्य तो लिहितो. हीदेखील नियमातून आलेली रूपे होत. उलट भूतकाळातील कर्मणि प्रयोगात त्याची घरची बोली त्याला साह्यच करते. ‘मी भाकर खादी’ ह्यात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते, अगदी ‘मी भाकरी खाल्ली’ ह्याप्रमाणे. त्यामुळे मराठीतील हे अवघड मानले जाणारे प्रकरण त्याला उपजत अवगत असते. ह्या लाभाची नोंद मात्र कोणत्याही वहीच्या समासात होत नाही.

येथवर जे पाहिले ते बोलीचे ठसे. आता वाक्यदोषांकडे वळावे. ते बोलीतून आलेले नाहीत, हाच ह्या विवेचनातील मुख्य मुद्दा आहे.

‘कांदा हा आमच्या भागातील मुख्य पीक आहे.’ मराठीत एखाद्या नामाची दुसऱ्या नामाने ओळख करून देताना मध्ये दर्शक सर्वनाम आलेच, तर ते विधेयातील नामाचे लिंग घेते: ‘मालेगाव ही मोठी बाजारपेठ आहे’, ‘गिरणा हे नाव जुने आहे’. म्हणून ‘कांदा हे मुख्य पीक’. विद्यार्थ्याने ‘हा’ लिहिले, कारण ‘कांदा’ पुल्लिंगी. पण मुळात हे सर्वनाम वाक्यात आले कशाला? घरी हाच मुलगा ‘कांदा आमना भागनं मोठं पीक शे’ असे म्हणतो. ‘भागनं’ आणि ‘मोठं’ ही दोन्ही ‘पीक’शी बिनचूक जुळलेली असतात. वहीत लिहिताना दोन गोष्टी घडतात. ‘भागातलं’ हे विकारी रूप बोलीतले वाटून तो ‘भागातील’ हे ग्रंथिक रूप घेतो. हे रूप लिंगानुसार बदलत नाही, म्हणून जुळणीचा जो धागा बोलण्यात हाती असतो तो सुटतो. शिवाय ‘शिक्षण हे महत्त्वाचे आहे’, ‘वृक्ष हे आपले मित्र आहेत’ अशा पुस्तकी वाक्यांतून ‘हा, ही, हे’ ह्यांची एक निष्कारण पेरणी त्याच्या कानावर पडलेली असते. ह्या सर्वनामाने वाक्याला भारदस्तपणा येतो, अशी त्याची समजूत होते. बोलीने त्याला फसविले नाही; भारदस्तपणाच्या हव्यासाने फसविले.

चौथ्या वाक्यात विषयाचा गाभाच आहे. ‘कांदे विकून भाव वाढला.’ शाळेत नियम शिकविला जातो तो असा, की ‘-ऊन’प्रत्ययान्त अव्ययाचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असला पाहिजे. ह्या नियमाप्रमाणे कांदे भावाने विकले असा अर्थ होतो व वाक्य सदोष ठरते. निर्णय बरोबर आहे, पण नियम अपुरा आहे. ‘पाऊस पडून पिके वाहून गेली’, ‘वीज जाऊन मोटार बंद पडली’, ‘लग्न होऊन तिला दोन वर्षे झाली’: ही तिन्ही वाक्ये चोख मराठी आहेत आणि तिन्हींत कर्ते भिन्न आहेत. मग भेद कोठे आहे? पडणे, जाणे, होणे ह्या क्रिया कोणी हेतूने केलेल्या नाहीत, त्या घडल्या आहेत. आणि पहिल्या दोन वाक्यांत आधीची घटना नंतरच्या घटनेचे कारण आहे, तिसऱ्यात ती काळ मोजण्याचा आरंभबिंदू आहे. अशा ठिकाणी ‘-ऊन’ला निराळा कर्ता चालतो. ‘विकणे’ ही मात्र कोणीतरी हेतुपुरस्सर केलेली क्रिया आहे. तिला कर्ता हवा, आणि तो मुख्य वाक्यात सापडला नाही की ती अधांतरी लोंबू लागते. एवढेच नव्हे, तर वाचकाने कार्यकारणाची वाट धरलीच, तर कांदे विकले गेल्यामुळे भाव वाढला असा अर्थ निघतो. शेतकऱ्याला म्हणावयाचे होते ते अगदी वेगळे: आमचा माल गेला आणि मग भाव चढला, आम्हांस काही मिळाले नाही. एका प्रत्ययाने सारी व्यथा पुसून टाकली. ‘आम्ही कांदे विकल्यावर भाव वाढला’, किंवा ‘आमचे कांदे विकून झाल्यावर भाव वाढला’ असे लिहिले असते तर ती परत आली असती. जो तपासनीस ‘पानी’वर थांबतो आणि ह्या वाक्यावरून पुढे जातो, त्याने त्या मुलाचे म्हणणेच वाचलेले नसते.

येथेही घरच्या बोलीकडे पाहावे. अहिराणीत ‘-ऊन’शी समांतर असे ‘-ईसन’ हे रूप आहे. तरीही बोलताना हा मुलगा बहुधा दोन वाक्ये करील: ‘आम्ही कांदा इकी टाका, मंग भाव वाढना.’ कर्ता स्पष्ट, क्रम स्पष्ट. लिहिताना मात्र लहान लहान वाक्ये पोरकट वाटतात, लेखी भाषेत वाक्ये जोडावयाची असतात, हे त्याच्या मनावर बिंबलेले असते. आणि जोडण्याचे हाताशी असलेले सर्वांत सोपे साधन ‘-ऊन’. तो ते उचलतो. ही चूक आळसाची नसून महत्त्वाकांक्षेची आहे.

पाचव्या वाक्यातील ‘जो–तो’चे प्रकरण ह्याच जातीचे. ‘ज्या व्यापाऱ्यांनी’ असा आरंभ केला, की उत्तरार्धात ‘तो, ती, ते’ ह्यांपैकी काही यावे लागते, हे विद्यार्थ्यास ठाऊक असते. पण ते सर्वनाम पूर्वार्धातील नामाचे प्रतिनिधी असून उत्तरार्धातील क्रियापदाला लागेल ती विभक्ती त्यास घ्यावी लागते, हे त्याच्या लक्षातून सुटते. ‘ज्या व्यापाऱ्यांनी कांदा घेतला होता त्यांचा फायदा झाला.’ तोंडी ‘ज्यास्नी कांदा लिन्हा त्यास्ना फायदा झाया’ असे म्हणताना त्यास अडचण येत नाही. अहिराणीची रूपे गावोगाव थोडी पालटतात, पण ‘त्यास्ना’च्या जागी कोणत्याच गावी नुसते ‘तो’ येणार नाही. लेखात वाक्य लांबते, मध्ये आणखी एखादे विशेषण किंवा पोटवाक्य येते आणि आरंभ विसरला जातो. ह्याच्याच जोडीला इंग्रजीवळणाचे ‘माझा भाऊ, जो सटाण्याला शिकतो, तो…’ असे वाक्य आता वह्यांतून दिसते. ‘सटाण्याला शिकणारा माझा भाऊ’ ही मराठीची सरळ वाट त्यामुळे मोडत चालली आहे.

आणखी काही वाक्यदोष नुसते निर्देशून पुढे जाता येईल: ‘पाऊस न पडल्यामुळे म्हणून’ असे दुहेरी कारण, ‘ते म्हणाले की पाणी जपून वापरा असे’ ह्यात ‘की’ आणि ‘असे’ ह्या दोहोंनी एकच काम करणे, ‘जर’ लिहून ‘तर’ विसरणे, पूर्णविरामाच्या जागी ‘आणि’ची साखळी. विरामचिन्हे मराठीत मागाहून आली. मेजर कँडी ह्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० मधील. वाक्य कोठे संपते ह्याचा निर्णय बोलण्यात आवाज करतो. लेखात तो डोळ्याला करावा लागतो. हे कौशल्य वेगळे शिकवावे लागते, ते आपोआप येत नाही.

‘माझी मदत केली’ ह्या प्रयोगाचा मात्र निराळा उल्लेख केला पाहिजे, कारण तो बोलीवर ठेवल्या जाणाऱ्या आळाचा उत्तम नमुना आहे. ‘मला मदत केली’ ही मराठीची रचना. ‘माझी मदत’ हिंदीतून आली. अहिराणी बोलणारा ‘माले मदत कर’ म्हणतो; ‘माले’चे ‘मला’ केले की वाक्य शुद्ध. म्हणजे त्याने घरच्या बोलीवर विश्वास ठेवला असता तर तो वाचला असता.

दोषांची आणखी एक खाण कार्यालयीन मराठीत आहे. ‘पाण्याचा वापर हा जपून केला गेला पाहिजे’ असे वाक्य कोणत्याही घरात कोणी उच्चारीत नाही. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय निघाले. पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. राज्यकारभार मराठीत आणण्याचे हे कार्य मोठे होते, ह्याविषयी दुमत नसावे. परंतु इंग्रजी मसुद्यावरून मराठी मसुदा करण्याच्या रोजच्या घाईत ‘करण्यात येते’, ‘द्वारे’, ‘कडून केले गेले’ ह्यांची जी रीत पडली, ती परिपत्रकांतून वृत्तपत्रांत, वृत्तपत्रांतून मार्गदर्शिकांत आणि तेथून निबंधाच्या वहीत उतरली. व्याकरणदृष्ट्या तिला चूक म्हणता येत नाही. तिच्यात कर्ता हरवतो, आणि कर्ता हरविण्याची सवय लागलेल्या मुलाने ‘कांदे विकून भाव वाढला’ असे लिहिले, तर त्यात नवल काय?

आता तपासणारे ह्या बाबतीत इतके एकांगी का होतात, हाही प्रश्न आहे. त्याचे एक कारण परंपरेत सापडते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. दामल्यांनी प्रयोगांचा केलेला विचार आजही पहिल्या प्रतीचा मानावा लागतो. पण वर्गापर्यंत पोचले ते व्याकरण नव्हे, शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. ते लेखनाचे नियम आहेत आणि तेवढेच असल्याचा त्यांचा दावा आहे. गावाच्या नावातील ‘पूर’ दीर्घ लिहावा, हा त्यांपैकी एक. सामान्यरूपात तोच ऊकार ऱ्हस्व होतो. म्हणून ‘नामपूर’, पण ‘नामपुरात’. आपल्या गावाचे नाव शुद्ध लिहिण्याची सोय त्या नियमांनी केली. त्या गावाविषयी एक वाक्य नीट कसे रचावे, हे सांगणे त्यांचे काम नव्हते. ते काम दुसऱ्या कोणी केले नाही. शालेय व्याकरणातील वाक्यपृथक्करण निर्दोष, तयार वाक्याचे तुकडे करावयास शिकविते. मोडलेले वाक्य कोठे मोडले हे शोधावयास शिकवीत नाही. शिवाय ऱ्हस्वदीर्घाचा निर्णय एका दृष्टिक्षेपात होतो, वाक्यदोषासाठी वाक्य वाचावे लागते. गठ्ठ्याने वह्या तपासणाऱ्याची ही अडचण खरी आहे, पण तिच्यामुळे दोषांची प्रतवारी बदलत नाही.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. बोलीचे रूप दिसताच ते ‘अशुद्ध’ वाटते. गंमत अशी, की ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाल्यापासून अहिराणीच्या शेजारच्या लेवा बोलीची रूपे मराठीच्या अभ्यासक्रमात मानाने वाचली जातात, त्यांच्या गोडव्यावर प्रश्नही विचारले जातात. आणि त्याच जातीचे एखादे रूप उत्तरपत्रिकेत उतरले की गुण जातात. पात्राच्या तोंडी वा कवितेत बोली शोभते, निबंधात शोभत नाही, असे ह्यावर म्हणता येईल, आणि ते काही अंशी खरेही आहे. प्रसंगानुसार भाषा बदलते. पण मग विद्यार्थ्याला सांगावयाचे ते हेच, की हे रूप ह्या प्रसंगाचे नाही. ते मोडके आहे असे सांगणे म्हणजे असत्य सांगणे.

पाश्चात्त्य भाषाविज्ञानात ह्या भेदाची चर्चा बरीच झाली आहे. रॉबर्ट लॅडो ह्यांनी १९५७ साली मातृभाषा व शिकावयाची भाषा ह्यांच्या तुलनेतून चुकांचे भाकीत करता येते असे मांडले. पिट कॉर्डर ह्यांनी १९६७ मध्ये केवळ निसटलेले स्खलन आणि शिकणाऱ्याच्या मनातील नियमातून आलेली चूक असा भेद केला. ‘पानी’ आणि ‘शेतमध्ये’ ह्यांचा उलगडा लॅडोंच्या पद्धतीने उत्तम होतो. ‘कांदे विकून भाव वाढला’ ह्याचा होत नाही, कारण तेथे मातृभाषा आड आलेली नाही. ह्या तिसऱ्या वर्गासाठी मिना शॉनेसी ह्यांचा १९७७ चा ग्रंथ अधिक उपयोगी पडतो. १९७० साली न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने आपली दारे सर्वांस खुली केल्यावर आलेल्या, लेखनाची सवय नसलेल्या विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार निबंध त्यांनी अभ्यासले. ह्या मुलांची विस्कटलेली वाक्ये बुद्धिमांद्यातून येत नाहीत. लेखी भाषेची अपरिचित वळणे हाताळू पाहण्याच्या धडपडीतून ती येतात, असे त्यांनी साधार दाखविले. नामपूर आणि न्यूयॉर्क ह्यांत अंतर पुष्कळ आहे, परंतु नव्याने लिहू लागलेल्या पिढीची ही धडपड दोन्हीकडे ओळखू येते.

ह्यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. परीक्षेत, स्पर्धापरीक्षेत, नोकरीच्या अर्जात ‘शेतमध्ये’ चालणार नाही. बोलीचे कौतुक करून मुलाचे नुकसान होईल. आक्षेप योग्य आहे आणि त्याला कौतुकाने उत्तर देता येणार नाही. प्रमाण मराठी नामपूरच्या मुलाला पूर्णपणे आली पाहिजे. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या वाटेने येते. ‘वावरमा’ आणि ‘शेतामध्ये’ फळ्यावर शेजारी लिहून मधला ‘आ’ दाखविला, की अशी शेकडो रूपे एका तासात मार्गी लागतात. उलट प्रत्येक रूपावर अशुद्धतेचा शिक्का बसत गेला, की मुलगा स्वतःच्या कानावरचा विश्वास गमावतो. मग तो अशी वाक्ये शोधतो जी त्याने कधी ऐकलेली नाहीत आणि म्हणून चूक असणार नाहीत अशी त्याची कल्पना असते. ‘हा’, ‘द्वारे’, ‘केले गेले’ ह्यांचा आश्रय तो तेथे घेतो. बोलीचे रूप गेले. त्याच्या जागी मोडके वाक्य आले. आणि ते मोडके आहे हे त्याला कोणी सांगितले नाही.

वाक्यदोषाच्या दुरुस्तीची रीतही ह्यातूनच निघते. तपासणाऱ्याने समासात एक प्रश्न लिहावा: ‘कोणी विकले?’ ‘फायदा कोणाचा?’ हे दोन प्रश्न वरील उताऱ्यातील दोन वाक्ये विद्यार्थ्याच्याच हातून नीट करून घेतील; दुरुस्त वाक्य लिहून देण्याची गरज पडणार नाही. जेथे वाक्य फारच गुंतले असेल तेथे ते घरच्या बोलीत म्हणून पाहावयास सांगावे. जुळणी, कर्ता, क्रम तेथे बहुधा शाबूत असतो; मग शब्द व प्रत्यय प्रमाण मराठीचे घालावेत. प्रत्येक वहीत सर्व दोष दाखविण्याचा अट्टहास सोडून एका वेळी एकच प्रकार, उदाहरणार्थ केवळ ‘-ऊन’, सर्व वर्गाच्या लेखनातून शोधावयास लावला, तर वेळही वाचतो व मुलेही दुसऱ्याचे वाक्य वाचावयास शिकतात. गुणदानातही वर्णदोषापेक्षा वाक्यदोषाला अधिक वजन द्यावे लागेल. तोवर विद्यार्थी आपले लक्ष जेथे गुण कापले जातात तेथेच देणार.

ह्या रीतीची एक मर्यादा लगेच दिसते. ती शिक्षकास अहिराणी समजते असे गृहीत धरते, आणि सर्व विद्यार्थी अहिराणीभाषक आहेत असेही. बागलाणच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातून येणाऱ्या कोकणा व भिल्ल मुलांच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. त्यांच्या घरची रूपे निराळी; वर्गात अहिराणी हीच त्यांना दुसरी भाषा, आणि प्रमाण मराठी तिसरी. त्यांच्या वहीतील कोणते रूप बोलीचे, कोणते अहिराणीच्या सहवासाने आलेले आणि कोणते वाक्य खरोखर मोडलेले, हे ठरविण्यासाठी त्या भाषांची रूपे अशीच समोर मांडून पाहावी लागतील. ‘वावरमा’ आणि ‘शेतामध्ये’ ह्यांच्या शेजारी फळ्यावर तिसरा रकाना आखावा लागेल.